तिसरी बुडी

नाना, आज दुपारी मी मनगटावर बांधायचं एक यंत्र निवडलं. दिसायला घड्याळासारखं आहे, पण घड्याळ नव्हे. डायव्ह कॉम्प्युटर म्हणतात त्याला. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरणारी माणसं ते हातावर बांधतात. आपण किती खोल आहोत, उतरून किती वेळ झाला, या खोलीवर अजून किती वेळ थांबता येईल आणि वर येताना किती सावकाश यायचं, हे ते सांगत राहतं. निवडायला मला चार महिने लागले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "एवढा इचार तर सोयरीक करताना बी केला न्हवता." आणि त्यात खोटं काही नाही. माझं लग्न तुम्ही एका बैठकीत, चहा निवायच्या आत ठरवलं होतंत. ते चांगलं निघालं, हा भाग वेगळा.

तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली. मी इंदापुरात ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते. तुमचे जावई डाळिंबाची बाग बघतात. आई माझ्याकडेच असते, गुडघे सोडले तर तिची तब्येत ठणठणीत आहे. एवढं सगळं तुम्हाला अंदाजानंही कळलं असतं. पण तुमची लेक चाळिशी ओलांडल्यावर समुद्रात बुड्या मारायला शिकली, हे मात्र तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर तुम्ही आधी हसला असतात आणि मग विचारलं असतंत, "कान कसं हायेत तिचं?"

कारण तुमचे गेले होते. डावा तर पुरताच. वडगाव निंबाळकरपासून पार लोणी भापकरपर्यंत कुणाच्याही विहिरीवरची मोटार बंद पडली की तुम्हाला निरोप यायचा. मोटारी दुरुस्त करणारे तेव्हाही पुष्कळ होते. पण पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल, पाणी आत घेणारी झडप, गाळानं नाहीतर शेवाळानं चोंदला, तर भरल्या विहिरीत खाली जाऊन तो मोकळा करणारे तुम्ही एकटेच. सायकलच्या कॅरिअरला पान्ह्यांची पिशवी, हँडलला टॉवेल आणि खिशात कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा. विहिरीवर पोचलात की लगेच उतरायचा नाहीत. आधी काठानं एक फेरा मारायचा. दगड टाकून आवाज ऐकायचा. पाणी किती परस आहे ते विचारायचा. खोली अजून माणसाच्या उंचीवर मोजली जायची तेव्हा. कुणी "पाच परस असंल" म्हणालं की तुम्ही मनात सहा धरायचा. मोटारीची वायर खांबावरून काढून तिचं टोक स्वतःच्या हातानं लांब झाडाला बांधून यायचा. "बटन बंद हाय की," असं मालक म्हणाला, तरी. मग काठावर बसून, डोळे मिटून, लांब लांब श्वास. लोकांना वाटायचं तुम्ही देवाचं नाव घेताय. तुम्ही आकडे मोजत होतात.

मला पोहायला तुम्ही शिकवलंत ते पाठीला डबा बांधून, जसं गावात सगळी मुलं शिकली. पण बुडी मारायला शिकवलंत ते वेगळंच होतं, आणि मुलींना ते कुणी शिकवत नव्हतं. आई काठावरून ओरडतेय, "पोरीला कशाला असलं?" आणि तुम्ही पाण्यात उभे राहून मला सांगताय, "नाक दाब. आता नाकातनं फुंक, सावकाश. कानात टक झालं का? झालं तर जा खाली. न्हाय झालं तर वर ये. कानासंग भांडायचं न्हाय." तुम्ही स्वतः भांडला होतात, विशीत, आणि डावा कान गमावला होतात. म्हणून माझ्या कानांची काळजी. पाण्याखाली दुसरी पायरी, तिसरी पायरी, मग कपारीतला पांढरा दगड. एवढ्याला मला एक अख्खा उन्हाळा लागला. आणि तुमचा तो नियम, ज्याच्यावर मी तेव्हा वैतागायची: केस वाळल्याशिवाय दुसरी बुडी नाही. डोक्यावर हात फिरवून तुम्ही बघायचा. "वली हायेस. बस." उन्हाळ्यात ते लवकर वाळायचे, थंडीत तासभर बसावं लागायचं. मी विचारायची, केसांचा आणि दमाचा काय संबंध? तुम्ही म्हणायचा, "संबंध न्हाय. पर तेवढा येळ जातो." आज मला त्या वेळेचं इंग्रजी नाव माहीत आहे, ती मोजायची कोष्टकं माहीत आहेत. दोन बुड्यांमध्ये पाण्याबाहेर किती वेळ काढायचा, यावर मोठमोठ्या लोकांनी आयुष्यं घातली आहेत. तुम्ही ते डोक्यावर हात फिरवून ठरवत होतात.

एकदाच तुम्ही मला बोललात. सातवीत असेन. मैत्रिणींना दाखवायला मी विहिरीत तांब्या टाकला आणि तो काढायला एकामागून एक चार बुड्या मारल्या. चौथ्या वेळी वर आले तेव्हा डोळ्यांपुढे काळं झालं आणि पायरी हाताला लागेना. मैत्रिणीनं वेणी धरून ओढलं. तुम्हाला कळल्यावर मला वाटलं मार मिळेल. तुम्ही हात उगारला नाहीत. जेवताना ताट बाजूला सारलंत आणि म्हणालात, "तांब्या आठ दिसांनी बी निघाला आसता. तू निघाली नसतीस." मग महिनाभर मला विहिरीच्या काठावरही येऊ दिलं नाहीत. मला ती शिक्षा वाटली.

पण मला लिहायचं आहे ते त्याच्या आधीच्या वर्षाबद्दल. रविवार होता. शाळा नव्हती म्हणून टॉवेल आणि गूळ सांभाळायला मी तुमच्याबरोबर आले होते. लोणी भापकरच्या अलीकडे एका मळ्यात मोटारीवर काम करताना एक माणूस पाय घसरून विहिरीत पडला होता. सकाळी पडलेला, आपण पोचलो तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. जिवंत निघायची आशा कुणालाच नव्हती, पण त्याला बाहेर तर काढायचं होतं. काठावर सगळा गाव. त्याचा थोरला भाऊ गुडघ्यांत डोकं घालून बसलेला. तुम्ही एक बुडी मारलीत. वर आलात, मान हलवलीत. काठावर बसलात, केस वाळेपर्यंत बसलात, आणि लोक चुळबुळ करत राहिले. दुसरी बुडी. यावेळी इतका वेळ लागला की मी टॉवेल तोंडात धरून चावत होते. वर आलात ते रिकामे, आणि उजव्या कानातून, तुमच्या चांगल्या कानातून, रक्ताची बारीक धार.

गावातले एक म्हातारे तात्या पुढं आले. "दिसला का?"

"पाय हाताला लागला. कपारीखाली हाय. पर आत काय तरी आडकलंय. वायर हाय का दोर हाय, कळंना."

"मग आजून एक डाव. दमानं जा."

तुम्ही डोकं पुसत होतात. पुसता पुसता म्हणालात, "न्हाय तात्या. आता न्हाय."

"आरं, सापडलाय म्हनतोस ना?"

"म्हनूनच न्हाय. आजूबाजूच्या मळ्यांतल्या मोटारी लावा, पाणी वढा. सकाळी दोन परस उतरलं की मी काढतो. माझा शब्द."

थोरला भाऊ उठला आणि त्यानं तुमचे पाय धरले. नुसते धरून राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, "एवढा नावाचा बुडीवाला आन् घाबारला." दुसरं कुणीतरी हसलं. मी सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होते. सगळे तुमच्याकडे बघत होते. तुम्ही त्या भावाला दोन्ही खांद्यांना धरून उठवलंत, त्याच्या कानाशी काहीतरी बोललात आणि सदरा घातलात. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. माझे वडील, ज्यांना पाण्याची भीती नाही असं मी वर्गात सांगायची, ते गावादेखत नाही म्हणाले होते.

घरी निघालो, मी सायकलच्या पुढच्या दांडीवर. मग विचारलं, "नाना, तुमी घाबरला व्हता?"

तुम्ही पायडल मारत राहिलात. मला वाटलं रागावलात. "व्हय," म्हणालात. तेवढंच. थोड्या वेळानं, चढ आल्यावर सायकलवरून उतरलात आणि ढकलत चालता चालता म्हणालात, "खाली जायाचा दम समद्यांकडं असतो. वर यायाचा मोजायचा असतो. आज माझ्याकडं त्यो न्हवता."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला नेलं नाहीत. पण गावात सांगणाऱ्यांनी सांगितलं. पाणी दोन परस उतरल्यावर कपार दिसू लागली. तिच्या तोंडाशी जुन्या मोटारीच्या तारेच्या दोराचा गुंताळा पडला होता, वर फुटक्या पाइपाचा तुकडा. त्या माणसाचा पाय त्यात होता. पूर्ण भरल्या विहिरीत, अंधारात, हातानं चाचपत तिथं जाणाऱ्याचा हात किंवा पाय त्यात गेला असता, तर सोडवायला दम पुरला नसता. तुम्ही पक्कड घेऊन उतरलात आणि त्याला बाहेर काढलंत. ते तात्या नंतर आपल्या घरी येऊन गेले. काय बोलले ते मला आठवत नाही. तुम्ही त्यांना बसायला पोतं अंथरलंत आणि आईला चहा टाकायला सांगितलंत, एवढं आठवतं. आदल्या दिवशीची गोष्ट तुम्ही काढली नाहीत. कधीच काढली नाहीत.

तुमची तिसरी बुडी न मारणं म्हणजे काय, हे मला कळायला पस्तीस वर्षं लागली.

मी समुद्रात पहिल्यांदा उतरले ती सहलीत, मालवणकडे. पर्यटकांना दहा-पंधरा मिनिटं टाकी लावून खाली नेतात, तसं. खाली गेले आणि कानात दाब आला, आणि शिकवणाऱ्यानं खूण करायच्या आधीच माझा हात नाकावर गेला. टक. नाना, पाण्याखाली श्वास घेता येतो! तुम्हाला हे कसं सांगू? तुम्ही आयुष्यभर जो दम मोजून मोजून खर्च केलात, तो तिथं पाठीवर बांधलेला असतो, आणि तुम्ही माशांकडे बघत बसू शकता. मला तिथं रडू आलं. चष्म्याच्या आत रडलं की पुसता येत नाही. पुढच्या सुट्टीत मी कोर्स केला, त्याच्या पुढच्या सुट्टीत दुसरा. माझे शिक्षक माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत. मी त्यांना सर म्हणते, ते मला मॅडम म्हणतात.

मग मागच्या हिवाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्यात एक मासेमार बुडाला. आपल्या इंदापूरकडच्याच काठावर. होडी कलंडली, दोघं पोहून आले, तिसरा आला नाही. बाहेरून पथक यायला दुसरा दिवस उजाडणार होता. मी टाकी घेऊन बुडी मारते, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे, आणि सोलापूरकडचा एक जण माझ्यासारखाच शिकलेला. आम्ही दोघं गेलो. आम्ही हे काम शिकलेलो नव्हतो. मौजेच्या बुड्या शिकलो होतो. तेवढं कळून तिथंच थांबायला हवं होतं. पण काठावर त्या माणसाची बायको बसली होती. पाण्याकडे बघत होती.

दोन बुड्या झाल्या. खाली जुन्या नदीच्या पात्रात वीस मीटरवर हिरवट काळोख, स्वतःचा हात दिसत नाही. काही सापडलं नाही. माझ्या जोडीदाराचा कान दुखायला लागला. तो म्हणाला, "मॅडम, बास झालं." आणि माझ्या हातावरचा डायव्ह कॉम्प्युटर, भाड्यानं आणलेला, बॅटरी संपून बंद पडला. होडीत कुणीतरी म्हणालं, "मॅडम, आजून एकदा बगा की. त्या कडंला ऱ्हायलंय." सगळे माझ्याकडे बघत होते. मी पिशवीतला दुसरा कॉम्प्युटर काढून बांधला आणि एकटी उतरले.

इथं काय चुकलं ते सांगते, तुम्हाला लगेच कळेल. खाली दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो. गोटी सोड्याच्या बाटलीत वायू असतो तसा. बाटली अंगठ्यानं हळूहळू उघडली तर काही होत नाही, झटक्यात उघडली तर फसफसते. माणसाचंही तसंच. म्हणून सावकाश वर यायचं, मध्ये थांबायचं आणि दोन बुड्यांमध्ये वेळ जाऊ द्यायचा. कॉम्प्युटर हे सगळं मोजतो, आणि मुख्य म्हणजे आधीची बुडी लक्षात ठेवतो. पिशवीतून काढलेल्या त्या दुसऱ्या कॉम्प्युटरनं माझ्या आधीच्या दोन बुड्या पाहिल्याच नव्हत्या. त्याच्या लेखी मी ताजी होते. तो म्हणाला, जा, भरपूर वेळ आहे. माझे केस ओले होते, नाना. थेंब गळत होते.

खाली मासेमारीच्या जुन्या जाळ्यात माझा पाय अडकला. सुरीनं कापून सुटले, पण घाबरले आणि भराभर वर आले. मनगटावर तो किंचाळत असणार, सावकाश ये म्हणून. मला ऐकू आलं नाही, आणि त्या गढूळ पाण्यात त्याचे बारके आकडे दिसले नाहीत. घरी येईपर्यंत उजवा खांदा असा ठणकायला लागला की हात वर होईना. बारामतीला दवाखान्यात ऑक्सिजन लावला, तिथून पुण्याला नेलं. एका बंद लोखंडी खोलीत बसवून पुन्हा दाब देतात आणि तासन्‌तास सावकाश तो उतरवतात. मी बरी झाले. खांद्यात काही राहिलं नाही. तो मासेमार दुसऱ्या दिवशी आपोआप वर आला, मी शोधत होते त्याच्या बऱ्याच लांब, दुसऱ्या काठाला.

त्या लोखंडी खोलीत बसून मला तुमचा सदरा आठवला. गावादेखत, हसू ऐकू येत असताना, सावकाश एकेक बटण लावणारे तुम्ही. पाय धरलेला माणूस समोर असताना. तुमच्याजवळ यंत्र नव्हतं, कोष्टक नव्हतं, शिक्षक नव्हता. तरी तुम्हाला तुमचा आकडा माहीत होता आणि तो सांगायची लाज वाटली नाही. माझ्याजवळ सगळं होतं. मला नाही म्हणता आलं नाही. मी आयुष्यात अनेक हुशार माणसं पाहिली, नाना. तुमच्याइतका स्वच्छ "व्हय" म्हणणारा दुसरा पाहिला नाही.

डॉक्टरांनी काही महिने पाणी बंद केलं होतं. परवानगी मिळाली तेव्हा हे रात्रीच्या जेवणानंतर म्हणाले, "परत उतरनार हायेस का?" मी हो म्हटलं. त्यांनी ताटं उचलली. मग म्हणाले, "मग ते यंत्र कसं वाचायचं ते मला बी शिकव. तुझ्या हातावर काय लिवलंय ते मला कळाय पायजे." तिथून निवडीला सुरुवात झाली. सरांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, आधी एक ठरवा. आता ज्या बुड्या मारताय त्यांच्यासाठी घ्यायचाय, की पुढं मारणार आहात त्यांच्यासाठी?"

पुढचं म्हणजे टेक्निकल डायव्हिंग. आता मी जिथं उतरते तिथून कधीही थेट वर येता येतं, सावकाश का होईना. पुढच्या प्रकारात तसं नसतं. इतकं खोल आणि इतका वेळ जायचं की वाटेत ठरलेल्या प्रत्येक खोलीवर ठरलेली मिनिटं थांबल्याशिवाय वर यायची सोयच राहत नाही. वेगवेगळे वायू भरलेल्या टाक्या बरोबर न्यायच्या, त्या त्या खोलीवर बदलायच्या. मला ते शिकायचं आहे. लोकांना मी सांगते की आपल्या भागात नीट शिकलेलं कुणीतरी हवं, आणि ते खरंही आहे. शोध घेण्याचं शिक्षण वेगळं, तेही मी घेणार आहे. पण तुमच्याशी काय लपवायचं, मला खोल जायचंय. पांढऱ्या दगडाच्या खाली काय आहे हे मला तेव्हाही बघायचं होतं.

सरांनी ओळखीच्या दुकानातून तीन कॉम्प्युटर बघायला पाठवले. पहिला नाजूक, रोजच्या घड्याळासारखा, कॉलेजात घालून मिरवावा असा. फोनवरचे मेसेजही दाखवतो. तिसरा सगळ्यात मोठा, सगळ्या वायूंची सोय असलेला, त्याची माहितीपुस्तिका माझ्या बारावीच्या पुस्तकाएवढी. मधला बसका, काळा, काही देखणेपण नसलेला. दोन दिवस मी कागदावर रकाने पाडून तुलना करत होते. मग मला दहावीनंतरचं बारामतीतलं घड्याळाचं दुकान आठवलं. मी सोनेरी पट्ट्याच्या घड्याळावर हात ठेवला होता. तुम्ही ते दुकानदाराच्या हातात दिलंत, मला दारापर्यंत मागं नेलंत आणि म्हणालात, "हितनं वाच, किती वाजल्यात." मला वाचता येईना. मग दुसरं, मग तिसरं. जे दारातून वाचता आलं, ते घेतलंत. दुकानदार म्हणाला, "पोरीला शोभंल आसं घ्या की." तुम्ही म्हणालात, "येळ दिसली म्हंजे शोभलं."

तर मी तिन्ही कॉम्प्युटर घेऊन शेततळ्यावर गेले. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं आपलं शेततळं, पाणी शेवाळानं गर्द हिरवं. "अहो, हात घाला आत," म्हटलं. यांनी पहिला मनगटावर बांधून, पालथं पडून, कोपराच्या वरपर्यंत हात बुडवला. मी काठावर उभी.

"काय दिसतंय?"

"हिरवं."

"आकडा सांगा."

"दिसला आसता तर सांगितला आसता की." हा पहिला झाला.

मोठ्याचे आकडे दिसत होते, पण इतके, की यांना त्यातला कुठला काय ते कळेना. मधल्याला हात घातल्याबरोबर म्हणाले, "हां. वरचा मोठा हाय त्यो खोलीचा ना? आन् ह्यो बाजूचा, किती येळ ऱ्हायला?" मग मी त्याचा इशारा वाजवून बघितला. तो नुसता वाजत नाही, मनगटावर थरथरतो. हे दचकले आणि हात बाहेर काढला. "आयला, चावलं की काय!" मी खूप दिवसांनी एवढी हसले.

मधलाच घेतला. त्याला साधी पेन्सिल बॅटरी लागते, इंदापुरात कुठल्याही दुकानात मिळणारी, म्हणजे बंद पडला म्हणून दुसरं काही हाताला बांधायची वेळ येऊ नये. आपलं पठार समुद्रापेक्षा उंच, तिथं हवेचा दाब कमी म्हणून हिशेब बदलतो, तेही तो स्वतः ओळखतो. किती सावधपणे मोजायचं, हे आपण ठरवून देऊ शकतो. मी ते सगळ्यात सावध बाजूला ठेवलंय. एका वायूपासून सुरुवात करता येते, आणि पुढचं शिक्षण झालं की त्यातलीच वायू बदलण्याची सोय उघडायची, नवीन घ्यायला नको. सर म्हणाले, "टेक्निकलला जाल तेव्हा असेच दोन लागतील. दोन्ही पहिल्या बुडीपासून अंगावर. दुसरा पिशवीत नाही." शेवटचं वाक्य ते सावकाश बोलले. मी म्हटलं, "कळलं सर."

तरी एक गोष्ट त्याला कळत नाही, ती मी पुस्तिकेत शोधली, नाही सापडली. मी थकले आहे का, घाबरले आहे का, कान दुखतोय का, हे त्याला माहीत नसतं. तो म्हणेल अजून वेळ आहे. नाही म्हणायचं काम माझ्याचकडे राहतं. दिवाळीच्या सुट्टीत सरांकडे पुन्हा पाण्यात उतरणार आहे, पहिल्यापासून, उथळ पाण्यात. हे बरोबर येणार आहेत, होडीत बसायला.

हे पत्र तुम्हाला पोचायची काही सोय नाही. लिहून झालं की घडी घालून तपासलेल्या पेपरांच्या गठ्ठ्यात ठेवीन, तिथं कुणी बघत नाही. पण एक सांगायचं राहिलं, आणि ते सांगायलाच बहुतेक लिहायला बसले. पहिल्या कोर्सच्या वेळी एक अर्ज भरून घेतात. त्यात एक ओळ होती: पोहायला कुठे आणि कुणाकडे शिकलात? माझ्या मागे रांगेत पुण्या-मुंबईची माणसं उभी होती, सगळ्यांचे अर्ज इंग्रजीत. मी लिहिलं: पुण्यात, तरणतलावावर, प्रशिक्षकाकडे. सरांकडे तो कागद अजून आहे.